जागेचं नाव लाभलेलं संगीत



बैठकीची लावणी आणि फडाची लावणी यांतला भेद मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. जागा बदलली की अदा बदलते, समोर बसणारा बदलतो, दाद द्यायची रीत बदलते. जमैकातल्या डान्सहॉल संगीताकडे जाताना एवढी एकच गोष्ट शिदोरीला घ्यावी. स्का, रॉकस्टेडी, रेगे ही नावं तालाची आणि चालीची आहेत. डान्सहॉल हे नाव मात्र जागेचं आहे. लोक जिथे जमले आणि नाचले, त्या जागेवरून गाण्याला नाव पडलं. या संगीताची भरती आणि ओहोटी समजून घ्यायची, तर त्या जागेचं काय झालं हे आधी पाहावं लागतं.

जमैका क्षेत्रफळाने नाशिक जिल्ह्याहूनही लहान. लोकसंख्या तीस लाखांच्या आत. राजधानी किंग्स्टन. 'हॉल' म्हटलं की डोळ्यांसमोर छप्पर येतं, आणि किंग्स्टनमध्ये काही खरीखुरी सभागृहं होतीही. नॉर्थ स्ट्रीटवरचा फॉरेस्टर्स हॉल त्यांतला गाजलेला. पण बहुतेक ठिकाणी डान्सहॉल म्हणजे उघडं आवार, भोवती पत्र्याचं किंवा बांबूचं कुंपण, तिकिटासाठी अरुंद फाटक आणि वर आभाळ. लोक त्याला 'लॉन' म्हणत. बाहेर तेलाचं पिंप उभं चिरून केलेल्या भट्टीवर कोंबडी भाजली जाई, शेंगदाणेवाला असे, सुपाचं पातेलं असे. आत कडेला माणसाहून उंच लाकडी खोकी रचलेली. त्यांतून निघणारा खर्ज कानांच्या आधी छातीला कळे.

ही खोकी, अॅम्प्लिफायर, तबकड्या आणि ते वाजवणारी माणसं, या सगळ्याला मिळून 'साउंड सिस्टीम' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर उसाच्या मळ्यांवरून आणि डोंगरातल्या खेड्यांवरून माणसं किंग्स्टनमध्ये येत होती. वाद्यवृंद परवडत नव्हता आणि रेडिओ सुखवस्तू घरांपुरता होता. चिनी वंशाचे हार्डवेअरचे व्यापारी टॉम वाँग यांनी 'टॉम द ग्रेट सेबॅस्टियन' या नावाने साउंड उभी केली. तिला ताकदवान अॅम्प्लिफायर बांधून दिला हेडली जोन्स यांनी, जे ब्रिटिश हवाई दलात रडारचं तंत्र शिकून आले होते. पाठोपाठ माजी पोलीस असलेले ड्यूक रीड आले, अमेरिकेत ऊसतोडीला गेलेले आणि येताना रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या घेऊन आलेले कॉक्सन डॉड आले, प्रिन्स बस्टर आले. कोणाची साउंड भारी यावर वस्त्यावस्त्यांत पैजा लागत. हाताशी लागलेली दुर्मीळ तबकडी कोणती हे प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून तिच्यावरचं लेबल खरवडून टाकत.

या चुरशीतूनच जमैकाचा ध्वनिमुद्रण व्यवसाय जन्मला. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतली आवड बदलली, नाचायला हवं तसं संगीत तिकडून येईनासं झालं, तेव्हा साउंडच्या मालकांनी गावातलेच वादक गोळा करून आपली गाणी करायला घेतली. कॉक्सन डॉड यांनी १९६३ साली ब्रेंटफर्ड रोडवर 'स्टुडिओ वन' सुरू केला, म्हणजे देश स्वतंत्र झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी. गाण्याची एकच मऊ, लवकर झिजणारी तबकडी आधी कापून घेत. तिला 'डबप्लेट' म्हणतात. ती लॉनवर वाजे. लोक थांबले, ओरडले, कुंपणाच्या पत्र्यावर हात आपटले, तर तबकड्या लावणारा सुई उचलून गाणं पहिल्यापासून लावी. थंड पडले तर बहुधा तिथेच त्या गाण्याचा निकाल लागे. पुष्कळ गाणी लॉनवर टिकल्यावरच छापून दुकानात गेली. परीक्षक म्हणजे गोदीतला हमाल, शिवणकाम करणारी बाई, बेकार तरुण. शाळेत, कचेरीत आणि कोर्टात ज्यांच्या मताला कोणी विचारत नव्हतं, त्यांचं मत इथे अखेरचं होतं. डान्सहॉलची सगळी ताकद या परीक्षकांत होती.

इथे एका शब्दाचा उलगडा करायला हवा. महाराष्ट्रात मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीलाच 'डीजे' म्हणायची पद्धत पडली आहे. जमैकात तबकड्या निवडून वाजवतो तो 'सिलेक्टर', आणि ध्वनिक्षेपक हातात घेऊन तालावर बोलतो, यमकं जुळवतो, टोमणे मारतो तो 'डीजे'. काउंट मचुकी आणि किंग स्टिट हे या कलेतले आद्य पुरुष. पुढे वॉटरहाउस वस्तीत ड्रॉमिली अव्हेन्यूवरच्या आपल्या छोट्या घरात किंग टबी यांनी ध्वनिमुद्रणातला आवाज कमीजास्त करून, गाणाऱ्याचा गळा काढून टाकून, ढोल आणि बेसच्या पोकळीत प्रतिध्वनी सोडून 'डब' नावाची नवीच सृष्टी उभी केली. टबी मुळात रेडिओ आणि ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणारे. त्यांच्या साउंडवर बोलणारे यू-रॉय १९७० साली तबकडीवर आले आणि त्यांच्या तीन गाण्यांनी जमैकाच्या यादीतल्या पहिल्या तीन जागा एकाच वेळी अडवल्या. लॉनवरचं बोलणं विकलंही जातं, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

ही रीत समुद्र ओलांडून आधीच गेली होती. किंग्स्टनमध्ये जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल नावाचा मुलगा १९६७ साली आईवडिलांकडे न्यूयॉर्कला गेला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधल्या एका इमारतीच्या सामाईक दालनात त्याने बहिणीच्या कार्यक्रमात तबकड्या वाजवल्या. जग त्याला डीजे कूल हर्क म्हणून ओळखतं आणि हिप-हॉपचा जन्म त्या रात्रीपासून मोजतं.

सत्तरच्या दशकात रेगे म्हणजे बॉब मार्ले हे समीकरण जगाच्या मनात बसलं. मार्ले ११ मे १९८१ रोजी गेले. त्याआधी सुमारे सहा महिने, ३० ऑक्टोबर १९८० रोजी, जमैकात निवडणूक झाली. मायकेल मॅन्ली यांचा पीपल्स नॅशनल पार्टी हा पक्ष हरला, एडवर्ड सियागा यांचा जमैका लेबर पार्टी हा पक्ष जिंकला. त्या एका वर्षात राजकीय हिंसाचारात सुमारे ८०० माणसं मेली. किंग्स्टनच्या गरीब वस्त्या पक्षांनी वाटून घेतल्या होत्या. घर मिळणार की नाही हे मत कोणाला यावर ठरे, आणि वस्तीच्या सीमेवर बंदुका असत. मार्लेंनी दोन्ही नेत्यांना १९७८ साली एका मंचावर हातात हात द्यायला लावले होते, तरीही हे घडलं. थकलेल्या माणसांना आफ्रिकेच्या मुक्तीची आणि स्वर्गराज्याची गाणी दूरची वाटू लागली. त्यांना आजची रात्र हवी होती. हेन्री 'जुंजो' लॉज यांच्यासारख्या निर्मात्यांनी रूट्स रॅडिक्सच्या वादकांकडून जुन्या चालींना नवी, सुटसुटीत, जड पावलांची लय दिली, आणि वरती डीजे बोलू लागले: शेजाऱ्यांवर, महागाईवर, पोरींवर, स्वतःच्या फुशारकीवर. भाषा पात्वा, म्हणजे घरात बोलली जाणारी, शाळेत छडी खाणारी.

या काळाचा अनभिषिक्त राजा होता यलोमन. मूळ नाव विन्स्टन फॉस्टर. जन्मतः कातडीत रंग नाही. जमैकात अशा माणसाची हेटाळणी होई. त्याचं बालपण अनाथालयांत गेलं, पुढे तो किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये होता, जिथे कॅथलिक जोगिणींनी पिढ्यानपिढ्या निराधार मुलांना वाद्यं शिकवली. ज्या रंगावरून लोक तोंड फिरवत, तोच रंग त्याने मंचावर मिरवला. आपण बायकांना किती हवेहवेसे आहोत हे तो बेधडक सांगू लागला, आणि लोक त्याच्या मागे धावले. अमेरिकेतल्या एका मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपनीने करारबद्ध केलेल्या पहिल्या डान्सहॉल कलावंतांपैकी तो एक. त्याची लॉनवरची रात्र कोणीतरी कॅसेटवर उतरवून घेई आणि ती कॅसेट पुढच्या आठवड्यात ब्रुकलिन, ब्रिक्स्टन, टोरांटो इथल्या जमैकन घरांत फिरत असे.

मग १९८५ उजाडलं. २३ फेब्रुवारीच्या रात्री वॉल्थम पार्क रोडवर किंग जॅमी आणि ब्लॅक स्कॉर्पियो या दोन साउंडचा सामना होता. साउंडचा सामना म्हणजे आपल्याकडचा कलगी-तुरा: सवाल टाकायचा, समोरच्याला उत्तर सुचू द्यायचं नाही, आणि निवाडा गर्दीवर सोडायचा. जॅमी यांनी त्या रात्री वेन स्मिथ या तरुणाचं 'अंडर मी स्लेंग टेंग' बाहेर काढलं. त्यात बेस गिटार नव्हती, ढोलकरी नव्हता, स्टुडिओतला एकही वादक नव्हता. कॅसिओच्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डमध्ये कारखान्यातूनच भरून आलेला एक ठेका, वेन स्मिथ आणि त्याचा मित्र नोएल डेव्ही यांना सापडलेला. जॅमी यांनी तो संथ केला आणि त्यावर आवाज चढवला. त्या रात्रीनंतर किंग्स्टनमधल्या प्रत्येक निर्मात्याला यंत्राचा ठेका हवा होता. त्या एका ठेक्यावर पुढे शेकडो गाणी झाली.

या गोष्टीची दुसरी बाजू जपानात आहे. तो ठेका तयार केला होता ओकुदा हिरोको या तरुणीने. ती १९८० साली कॅसिओत रुजू झाली आणि तिच्या हाती आलेल्या पहिल्या कामांपैकी हे एक. संगीत महाविद्यालयात तिने पदवीचा प्रबंध रेगेवर लिहिला होता. कीबोर्डमध्ये त्या ठेक्याला 'रॉक' असं नाव होतं, पण बनवणारीचे कान रेगेत मुरलेले होते. किंग्स्टनचा बेस तोक्योला गेला, प्लॅस्टिकच्या पेटीत बसला आणि वॉटरहाउसच्या गल्लीत परतला.

यंत्राच्या ठेक्याने अनेक वादकांचा रोजगार गेला, हे खरं आहे आणि ते विसरू नये. पण दारही उघडलं. चार वादकांचा खर्च न झेपणारा पोरगा आता गाणं करू शकत होता. जमैकात ठेका आणि बेसची चाल मिळून जे बनतं त्याला 'रिडिम' म्हणतात, आणि एका रिडिमवर वीस-तीस जणांनी आपापलं गाणं म्हणायचं ही तिथली रीत. सार्वजनिक विहिरीसारखं. प्रत्येकाने आपला पोहरा आणायचा. सिलेक्टर एकच रिडिम धरून एकामागून एक आवाज बदलत जाई आणि गर्दी त्यांची तुलना करी. लॉनशिवाय ही तुलना होऊच शकली नसती.

नव्वदच्या दशकात भरती पूर्ण चढली. विन्स्टन 'वी पाउ' पॉवेल यांनी १९७२ साली उभी केलेली स्टोन लव्ह ही साउंड जगभर बोलावली जाऊ लागली. शॅबा रँक्स यांना १९९२ आणि १९९३ अशी सलग दोन वर्षं ग्रॅमी मिळाली. ब्यूजू बँटन, बीनी मॅन, बाउंटी किलर ही नावं घरोघरी गेली. जेराल्ड 'बोगल' लेव्ही हा नर्तक नवा पदन्यास काढी आणि महिन्याभरात तो लंडनच्या तळघरांत नाचला जाई. जपानची मायटी क्राउन ही साउंड १९९९ साली ब्रुकलिनला येऊन जागतिक सामना जिंकून गेली, तीही जमैकन गर्दीसमोर. तीन वर्षांनी जपानच्याच जुंको कुडो हिने जमैकात येऊन 'डान्सहॉल क्वीन'चा मान पटकावला. परक्या देशातल्या पाहुण्यांनाही निवाडा त्याच कसोटीने मिळाला.

लॉनवरच्या बायकांविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. चमचमते कमी कपडे, रंगीत टोप, लाजेचा लवलेश नसलेला नाच पाहून जमैकातल्या चर्चने आणि वर्तमानपत्रांनी नाकं मुरडली. वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या प्राध्यापिका कॅरोलिन कूपर यांनी 'नॉइझेस इन द ब्लड' या १९९३ सालच्या पुस्तकात उलटा विचार मांडला. दिवसभर दुसऱ्याच्या घरची धुणी धुणारी, रस्त्यावर माल विकणारी, जाड म्हणून आणि काळी म्हणून नाकारलेली बाई या आवारात स्वतःच्या देहाची मालकीण असते, तिथे तिच्या आनंदावर कोणाची परवानगी लागत नाही, असं त्यांचं सांगणं. डीजे लेडी सॉ यांनी पुरुषांची फुशारकी पुरुषांच्याच भाषेत परतवून लावली, एका सहगायनासाठी २००४ साली ग्रॅमी मिळवली आणि २०१५ च्या अखेरीस धर्ममार्ग धरून ती गाणी सोडून दिली. तमाशातल्या कलावतीला जे ऐकून घ्यावं लागलं त्याची आठवण इथे मराठी श्रोत्याला झाली, तर ती अस्थानी नाही.

या संगीताशी भारताचं नातं आहे, आणि ते जुनं आहे. मे १८४५ मध्ये 'ब्लंडेल' नावाचं जहाज जमैकाच्या ओल्ड हार्बर बे इथे लागलं. कलकत्त्याहून आलेले अडीचशेहून अधिक मजूर त्यात होते. १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार भारतीय करारबद्ध मजुरीवर त्या बेटावर गेले, बहुतेक उत्तर भारतातले. 'गांजा' हा शब्द जमैकाने त्यांच्याकडून घेतला. नव्वदच्या दशकातला मोठा डीजे सुपर कॅट, मूळ नाव विल्यम मराघ, आफ्रिकी आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा. न्यूयॉर्कमधून जगभर डान्सहॉल पोहोचवणाऱ्या व्हीपी रेकॉर्ड्सच्या पॅट्रिशिया चिन या चिनी आई आणि भारतीय वंशाचे वडील यांच्या पोटी जन्मल्या. बर्मिंगहॅमच्या स्टीव्हन कपूर या पंजाबी तरुणाने सुपर कॅटच्या 'वाइल्ड अपाची' या बिरुदाला मान देत 'अपाची इंडियन' हे नाव घेतलं, आणि १९९३ साली त्याचं 'बूम शॅक-अ-लॅक' आपल्याकडच्या केबल टीव्हीवर वाजत राहिलं. २००२ च्या सुमारास स्टीव्हन 'लेंकी' मार्सडेन यांनी टाळ्यांच्या ठेक्यावर एक रिडिम रचलं. नाव ठेवलं 'दिवाली'. त्याच रिडिमवरचं शॉन पॉलचं 'गेट बिझी' २००३ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि वेन वंडर व लुमिडी यांची गाणीही त्याच काळात वरच्या क्रमांकांत होती. एका विहिरीवर तिघांचे पोहरे, आणि विहिरीचं नाव दिवाळी. गोव्याच्या किनाऱ्यावर २०१६ पासून रेगेचा स्वतंत्र महोत्सव भरू लागला, तोही याच नात्याचा पुढचा धागा.

ओहोटीची कारणं सांगताना बहुतेक जण गाण्यांतल्या अश्लीलतेपासून आणि हिंसेपासून सुरुवात करतात. त्यांत तथ्य आहे, आणि प्रेम असलेल्या माणसाने तर ते आधी कबूल करावं. ब्यूजू बँटन कोवळ्या वयाचे असताना केलेलं, १९९२ साली गाजलेलं एक गाणं समलिंगी माणसांना मारण्याची भाषा करत होतं. शॅबा रँक्स यांनी त्याच वर्षी ब्रिटिश दूरचित्रवाणीवर त्या गाण्याची पाठराखण केली आणि त्यांची घोडदौड तिथेच अडखळली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा जमैकाचा कायदा १८६४ चा, ब्रिटिशांनी घातलेला. आपल्या जुन्या कलम ३७७ चाच भाऊबंद. पण कायदा परका असला तरी लॉनवरचा जल्लोष जमैकाचाच होता, आणि त्याने खरी माणसं भयात जगली. युरोप-अमेरिकेतले कार्यक्रम रद्द होत गेले. बँटन यांनी २०१९ साली ते गाणं आपल्या संग्रहातून काढून टाकलं.

बंदुकीचं तसंच. २००६ नंतर व्हाइब्झ कार्टेल यांची 'गाझा' आणि मवाडो यांची 'गली' अशा डीजेंच्या दोन फळ्या पडल्या. शाळकरी मुलं बाकांवर ही नावं कोरू लागली, मारामाऱ्या झाल्या, आणि डिसेंबर २००९ मध्ये पंतप्रधान ब्रूस गोल्डिंग यांना दोघांना समोर बसवावं लागलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रसारण आयोगाने संभोगाचं उघड वर्णन करणाऱ्या गाण्यांना रेडिओ-टीव्हीवर बंदी घातली. कार्टेल २०११ साली अटकेत गेले, २०१४ साली त्यांना खुनाच्या खटल्यात जन्मठेप झाली. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मार्च २०२४ मध्ये ज्यूरीतल्या गैरप्रकारामुळे तो निकाल रद्द केला, आणि जुलैअखेर जमैकाच्या अपील न्यायालयाने फेरखटला होणार नाही असं ठरवल्यावर ते सुटले. तेरा वर्षांच्या तुरुंगवासात त्यांच्या नावाने नवी गाणी येतच राहिली.

पण नुसत्या गाण्यांनी एखादी संस्कृती ओसरत नाही. जागा कशा गेल्या, तेही पाहायला हवं.

१९९७ साली जमैकात रात्रीच्या आवाजाला आळा घालणारा कायदा झाला: आठवड्यातल्या कामाच्या दिवशी मध्यरात्री आणि शनिवार-रविवारी पहाटे दोनला साउंड बंद. शेजारच्या आजारी माणसाची आणि परीक्षा असलेल्या मुलाची बाजू खरी आहेच. मिरवणुकीच्या दणदणाटात राहिलेल्या महाराष्ट्राला ती सांगायला नको. तरीही किंग्स्टनचा नाच मुळात मध्यरात्रीनंतर रंगायचा. सुरुवातीच्या तासांत सिलेक्टर जुनी गाणी लावून आवार गरम करी आणि खरा निवाडा पहाटे होई. तो पहाटेचाच भाग कायद्याने कापला. कुंपणाची लॉन परवडेना, तेव्हा नाच रस्त्यावर आले. २००३ साली किंग्स्टनमधल्या टिव्होली गार्डन्स या वस्तीच्या कडेला दर बुधवारी 'पासा पासा' भरू लागला. वरच्या वस्तीतली पोरं आणि परदेशी पाहुणे, एरवी तिथे पाऊल न टाकणारे, पहाटेपर्यंत तिथे नाचत. टिव्होलीवर ज्याची हुकमत होती, त्या क्रिस्टोफर 'डूडस' कोक याला पकडण्यासाठी मे २०१० मध्ये सैन्य आणि पोलीस टिव्होलीत घुसले. सुमारे ७० माणसं मेली. पासा पासाही त्यात संपला. मार्च २०२० पासून करोनाच्या संचारबंदीत, मधली थोडी सूट सोडली तर, जवळजवळ दोन वर्षं लॉन बंदच राहिल्या. खोकी वाहणारे, कोंबडी भाजणारे, तिकीट फाडणारे, व्हिडिओ काढणारे, सगळ्यांची चूल त्या आवारावर चालत होती.

दरम्यान गाण्याचा रस्ताही बदलला होता. तबकडी गेली, सीडी गेली, फोन आला. गायक घरबसल्या आपला ठेका बनवून रातोरात गाणं प्रसिद्ध करू लागला. त्यात स्वातंत्र्य आहे. पण वीस आवाजांना एकाच रिडिमवर उभं करून कोण उजवं हे ठरवण्याची रीत त्यात मागे पडली, आणि कौतुकाचं मोजमाप फोनवरच्या आकड्यांकडे गेलं. २३ मे २०२० रोजी बीनी मॅन आणि बाउंटी किलर या जुन्या प्रतिस्पर्ध्यांनी एका स्टुडिओत बसून इन्स्टाग्रामवर सामना केला, तो सुमारे पाच लाख लोक एकाच वेळी पाहत होते. दोघांचीही तयारी जुन्या लॉनवरची होती, हे त्या रात्री पदोपदी दिसलं.

आणि जगाने या विहिरीतून किती पाणी नेलं? स्टीली जॉन्सन आणि क्लीव्ही ब्राउन या जोडीने १९८९ साली 'फिश मार्केट' नावाचं रिडिम केलं. शॅबा रँक्स यांनी त्याच चालीवर 'डेम बो' गायलं. तिथून तो ठेका पनामा आणि पोर्तो रिको इथल्या स्पॅनिश गायकांकडे गेला आणि रेगेटनचा कणा बनला. २०२१ साली क्लीव्ही ब्राउन आणि २००९ सालीच वारलेल्या स्टीली यांच्या वारसांनी अमेरिकेत दावा दाखल केला. पुढे त्यात १,८०० च्या आसपास गाणी आणि शंभराहून अधिक प्रतिवादी आले. मे २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशांनी दावा फेटाळायची मागणी नाकारली. जमैकाने स्वतःचा आधुनिक कॉपीराइट कायदा केला तोच १९९३ साली. तोपर्यंत १९११ चा ब्रिटिश कायदा चालत होता. वस्तीच्या मर्यादेत सार्वजनिक विहीर सगळ्यांना पुरते. वस्तीबाहेरून टँकर लागले की विहीर खोदणाऱ्याच्या घरात पाणी उरत नाही. डान्सहॉलची उदारता त्याच्या अंगाशी आली, आणि याचं दुःख करावं तेवढं थोडं आहे. २०२२ साली रेगेची ग्रॅमी अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या सोजा या गटाला मिळाली. स्पाइस, शॉन पॉल, एटाना हे जमैकाचे कलावंत त्या यादीत होते. परक्याने रेगे गाण्यात गैर काही नाही. मायटी क्राउनचा विजय किंग्स्टनने मनापासून मान्य केला होता. फरक इतकाच की तो निवाडा जमैकन गर्दीने दिला होता.

सिस्टर नॅन्सी यांचं उदाहरण इथे ठेवायला हवं. भाऊ ब्रिगेडियर जेरी यांच्या पाठोपाठ त्या जाह लव्ह या साउंडवर बोलायला लागल्या; पुरुषांच्या त्या रांगेत बाई विरळाच. १९८२ साली विन्स्टन रायली यांच्या 'स्टॅलॅग' या जुन्या रिडिमवर त्यांनी 'बाम बाम' गायलं. ते गाणं चित्रपटांत गेलं, मोठमोठ्या रॅपरांनी आपल्या गाण्यांत वापरलं, बहुधा जगात सर्वांत जास्त ऐकलेल्या डान्सहॉल गाण्यांपैकी ते एक झालं. गाणारी मात्र न्यू जर्सीत एका बँकेत हिशेब लिहीत होती. तीस वर्षं त्यांना त्या गाण्याचे पैसे मिळाले नाहीत. एका जाहिरातीत आपलाच आवाज ऐकू आल्यावर त्यांनी वकील केला आणि निम्मा हक्क मिळवला. पुढे बँक सोडून त्या पुन्हा गाऊ लागल्या. असा निकाल फार थोड्या जणांच्या वाट्याला आला.

तर मग ओहोटी म्हणावं का? ३१ डिसेंबर २०२४ च्या रात्री किंग्स्टनच्या राष्ट्रीय क्रीडांगणावर व्हाइब्झ कार्टेल यांचा सुटकेनंतरचा पहिला मोठा कार्यक्रम झाला, आणि मैदान भरून गेलं. गायकांची उणीव नाही, श्रोत्यांची तर नाहीच. युनेस्कोने नोव्हेंबर २०१८ मध्ये जमैकाच्या रेगेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पण क्रीडांगणात लोक आधीच ठरलेल्या विजेत्याला पाहायला येतात. मंच उंच असतो आणि मध्ये कठडा असतो. तिथे न पटलेलं गाणं मध्येच थांबवता येत नाही. वारशाच्या यादीने संगीताचा मान राखला. त्या संगीताला घासूनपुसून घेणारी पत्र्याच्या कुंपणाची आवारं राखायची, तर रात्रीच्या कार्यक्रमांसाठी वस्तीपासून दूर स्वतंत्र क्षेत्रं आखावी लागतील, आणि जमैकात त्याची चर्चा होत आली आहे. ती लवकर तडीस जावी. कानांना झोप मिळावी आणि लॉनही राहावी, असा मार्ग आखणं अशक्य नाही.

बर्लिंग्टन अव्हेन्यूवर स्टोन लव्हच्या स्वतःच्या आवारात बुधवारचा नाच भरवायची रीत वी पाउ पॉवेल यांनी घालून दिली. वर्षानुवर्षं तिथे संध्याकाळी खोकी रचली गेली, तारा जोडल्या गेल्या, बाहेर कोळसा पेटला. आवार बराच वेळ रिकामं असे. मग अकराच्या पुढे एकेक गट येई, भिंतीला टेकून उभा राही, हाताची घडी घालून ऐके. सिलेक्टर गाण्यामागून गाणं लावून पाही. भिंतीला टेकलेली ती माणसं पुढे कधी येतात, इकडेच त्याचं लक्ष असे.